टॉन्साइलचे हरवलेले पान: किमयेच्या ग्रंथांचे एक ऑनलाइन पुनर्मुद्रण आणि तालुक्याचे बाइंडिंगचे दुकान

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावातून बऱ्यापैकी ग्रंथालय गाठायचे तर यवतमाळला जावे लागते आणि त्याहून मोठे हवे असेल तर थेट नागपूरला. त्यामुळे युरोपातील किमयेचे, म्हणजे हलक्या धातूचे सोने करू पाहणाऱ्या विद्येचे, तीनशे-चारशे वर्षांपूर्वी छापलेले ग्रंथ घरी बसून वाचू इच्छिणाऱ्या माझ्यासारख्या निवृत्त रसायनशिक्षकापुढे दोनच मार्ग उरतात. एखाद्या ऑनलाइन विक्रेत्याकडून त्यांचे पुनर्मुद्रण मागवावे, किंवा परदेशी ग्रंथालयांनी इंटरनेटवर खुल्या ठेवलेल्या प्रती पेन ड्राइव्हवर घेऊन तालुक्याच्या दुकानात छापून बांधून घ्याव्यात. गेल्या दिवाळीपासून होळीपर्यंत मी हे दोन्ही मार्ग चोखाळून पाहिले. विक्रेत्याचे नाव मी देत नाही, कारण माझा अनुभव त्याच्या एकाच पुस्तकापुरता आहे.

या विषयाची ओढ मला वर्गातच लागली. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवून ठेवला की थोड्याच वेळात त्यावर तांब्याचा लालसर थर चढतो, आणि दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी ‘लोखंडाचे तांबे झाले’ असे ओरडतोच. हंगेरीतील खाणींच्या पाण्यात हाच प्रकार घडताना पाहून अनेक युरोपीय किमयागारांनी तो धातू पालटल्याचा पुरावा मानला होता. तेव्हा त्यांनी नेमके काय लिहून ठेवले आहे, हे त्यांच्याच शब्दांत वाचावे असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

ऑनलाइन मागवलेले पुस्तक एलियास अ‍ॅशमोल या इंग्रज संग्राहकाने १६५२ साली लंडनमध्ये छापवलेले ‘थिएट्रम केमिकम ब्रिटानिकम’ हे आहे. ज्याच्या नावाने ऑक्सफर्डचे अ‍ॅशमोलियन संग्रहालय ओळखले जाते, तोच हा अ‍ॅशमोल. हस्तलिखितांत विखुरलेल्या इंग्रजी किमया-कविता त्याने एका ठिकाणी आणल्या, त्यांना प्रदीर्घ प्रस्तावना आणि शेवटी टीपा जोडल्या आणि कठीण व कालबाह्य शब्दांचा कोशही दिला. पुढचे खंड काढण्याचा त्याचा विचार होता, परंतु पहिल्याच्या पुढे काम गेले नाही. पुस्तक पाचशे पृष्ठांच्या घरातले आहे, लॅटिन येत नसलेल्या माणसाला जुन्या इंग्रजीशी झटापट करून वाचता येते, आणि मी ते निवडले तेही एवढ्याचसाठी. किंमत १,४५० रुपये पडली. ‘पत्ता अपूर्ण’ या शेऱ्यासह पार्सल एकदा परत गेले, वास्तविक पत्त्यावर गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड इतके सगळे होते. दुसऱ्या खेपेस ते १९ दिवसांनी हाती पडले.

मुखपृष्ठावर सोनेरी वेलबुट्टी आहे आणि तिचा आतल्या मजकुराशी काडीमात्र संबंध नाही. पाठीवर पुस्तकाचे नाव आहे, पण अ‍ॅशमोलचे नाव नाही आणि १६५२ हे सालही नाही. आत मूळ पानांची छायाचित्रे छापली आहेत. रॉबर्ट व्हॉन याने ताम्रपटावर कोरलेली चित्रे या ग्रंथाची शोभा समजली जातात, परंतु या प्रतीत ती चुलीमागच्या भिंतीसारखी काळवंडली आहेत. भट्टी कोणती आणि भट्टीपुढे बसलेला मनुष्य कोणता, हे दिव्याखाली धरूनही सांगता येत नाही. आतला समास इतका बांधणीत गेला आहे की डाव्या पानावरील ओळींची शेवटची अक्षरे पाहण्यासाठी पुस्तक दोन्ही हातांनी फाकवावे लागते, आणि तसे दोनचार वेळा केल्यावर डिंकाने चिकटवलेली पाने सुटू लागतात. हे दोष सर्वसाधारण आहेत, स्वस्त पुनर्मुद्रणात ते चालवून घेण्याची माझी तयारीही होती. जो दोष चालवून घेता येण्यासारखा नव्हता तो पुढे आला.

ग्रंथातील पहिली आणि सर्वांत मोठी कविता टॉमस नॉर्टनची ‘ऑर्डिनल’ ही आहे. ती आपण १४७७ साली लिहावयास घेतली, असे कवीने कवितेतच सांगितले आहे. स्वतःचे नाव मात्र त्याने उघड सांगितलेले नाही. प्रास्ताविकाचे पहिले अक्षर आणि पुढील प्रकरणांची आरंभीची अक्षरे ओळीने वाचली की ‘टॉमस नॉर्टन ऑफ ब्रिस्टो’, म्हणजे ब्रिस्टलचा टॉमस नॉर्टन, हे नाव तयार होते, आणि हा उलगडा अ‍ॅशमोलने आपल्या टीपांत करून दिला आहे. दुसरे प्रकरण नॉर्मंडीतल्या एका भोंदू साधूच्या कथेने सुरू होते, त्यातून ‘नॉर’ मिळतो. तिसरे प्रकरण साठांहून अधिक वर्षे भट्टीपुढे राबलेल्या टॉन्साइल नावाच्या म्हाताऱ्यापासून सुरू होते, त्यातून ‘टन’ मिळतो. माझ्या प्रतीत नेमके हेच पान नाही. ग्रंथालयात छायाचित्रे घेताना बहुधा दोन पाने एकदम उलटली गेली, आणि छापण्यापूर्वी ते कोणी तपासले नाही. परिणामी साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या या कवीचे नाव माझ्या प्रतीत ‘टॉमस नॉर’ असे अर्धवट राहिले, आणि आयुष्य भट्टीपुढे घालवूनही हाती काही न लागलेला बिचारा टॉन्साइल पुस्तकातूनही गेला.

मी तक्रार केली. मूळ प्रत जुनी असल्यामुळे असे दोष राहणे अपरिहार्य आहे, अशा अर्थाचे ठरावीक उत्तर आले. हे उत्तर मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सांगण्यासाठी या ग्रंथांच्या छपाईच्या इतिहासात थोडे शिरावे लागेल.

किमयेच्या बाबतीत छापणारा निम्मा लेखक असतो. ही विद्या लॅटिन युरोपात अरबीतून आली. रॉबर्ट ऑफ चेस्टर याने ११४४ साली पूर्ण केलेले मोरिएनसच्या ग्रंथाचे भाषांतर हे तिच्या आरंभीच्या खुणांपैकी एक मानतात. आपला ‘किमया’ आणि त्यांचा ‘अल्केमी’ हे शब्दही त्याच अरबी मुळाचे. पुढची तीनशे-चारशे वर्षे सर्व काही हस्तलिखितांत फिरत राहिले, आणि नकलून घेणाऱ्यांनी आपापल्या सोयीने मोठी नावे चिकटवली. गेबर हे नाव जाबिर या अरबी किमयागाराचे, परंतु त्याच्या नावावर गाजलेला ‘सुम्मा पर्फेक्तिओनिस’ हा ग्रंथ तेराव्या शतकातल्या लॅटिन लेखकाचा. रेमंड लल या मध्ययुगीन तत्त्वज्ञाच्या नावावर किमयेचे कितीतरी ग्रंथ आहेत आणि त्यांतला एकही त्याचा नाही. छापखाना आल्यावर ही सरमिसळ एका ठिकाणी बांधली गेली. न्यूरेंबर्गच्या योहानेस पेट्रेयस या मुद्रकाने १५४१ साली ‘डे अल्केमिया’ हा संग्रह काढला. त्यात गेबर होता, आणि हर्मिस या दंतकथेतल्या ज्ञानी पुरुषाच्या नावाने प्रसिद्ध असलेली ‘पाचूची पाटी’ ही किमयेची छोटी संहिताही त्यातच प्रथम छापली गेली. याच पेट्रेयसने दोन वर्षांनी कोपर्निकसचा सूर्यकेंद्री विश्वाचा ग्रंथ छापला. आज आपण एकाला विज्ञान आणि दुसऱ्याला भ्रम म्हणतो, पण ते दोन्ही एकाच छापखान्यातून आले.

यानंतर संग्रह मोठे होत गेले. बाझलमध्ये ‘आर्टिस ऑरिफेरे’ १५९३ साली निघाले. पॅरासेल्सस या सोळाव्या शतकातल्या वैद्य-किमयागाराच्या हयातीत त्याचे फार थोडे लेखन छापले गेले होते. योहान हुझर याने त्याचे साहित्य जमवून १५८९ ते १५९१ या काळात बाझललाच दहा खंडांत काढले. लाझारस झेट्झनर याने १६०२ साली ‘थिएट्रम केमिकम’चे पहिले तीन खंड काढले, त्यांत भर पडत १६६१ पर्यंत ते सहा झाले आणि त्यांत दोनशेहून अधिक प्रकरणे आली. अ‍ॅशमोलने आपल्या पुस्तकाचे नाव या संग्रहावरूनच घेतले आणि त्यापुढे ‘ब्रिटानिकम’ जोडले. न्यूटनने १६६९ साली हा संग्रह १ पौंड ८ शिलिंगांना विकत घेतल्याची नोंद त्याच्या हिशेबाच्या वहीत आहे, त्याच सुमारास घेतलेल्या भट्ट्यांच्या खर्चासोबत.

या सगळ्यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, कोणता ग्रंथ कोणाचा, तो कोणत्या साली लिहिला आणि कोणाच्या हातून आला, हे बहुतेक वेळा मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना आणि अक्षरांच्या अशा लपवालपवीतूनच कळते. बॅसिल व्हॅलेंटाइनचेच पाहा. हा पंधराव्या शतकातला बेनेडिक्टाइन साधू समजला जाई, परंतु १५९९ साली योहान ट्योल्डे या मिठागराशी संबंधित गृहस्थाने त्याच्या नावाने ग्रंथ छापण्यास आरंभ केला त्यापूर्वीचा त्याचा भरवशाचा मागमूस सापडत नाही. अँटिमनी या धातुसदृश मूलद्रव्यावरील १६०४ सालच्या ग्रंथातील रसायनशास्त्र खरोखर वाखाणण्यासारखे आहे, परंतु त्यामागचा साधू मात्र बहुधा छापखान्यातच जन्मला. हे समजून घ्यायचे असेल तर साल आणि मुद्रकाचे नाव पुसून टाकणारे पुनर्मुद्रण काही कामाचे नाही. जुन्या पोथीला वाळवी लागली तर ती झीज म्हणता येते. पाने न मोजता पुस्तक विकणे ही झीज नव्हे, आळस होय.

आता तालुक्याच्या दुकानाविषयी. बसस्थानकाकडून बाजाराकडे वळताना डाव्या हाताला हे झेरॉक्स आणि बाइंडिंगचे दुकान आहे. समोर सातबाऱ्याच्या नकला काढणाऱ्यांची रांग असते आणि आत एक गृहस्थ लाकडी शिकंजा, सुया आणि पुठ्ठ्यांचा ढीग घेऊन बसलेले असतात. त्यांच्याकडून मी ‘हर्मेटिक म्युझियम’चे इंग्रजी भाषांतर छापून बांधून घेतले. मूळ लॅटिन संग्रह फ्रँकफर्टला १६२५ साली निघाला, १६७८ साली तो वाढवून पुन्हा छापला गेला, आणि ए. ई. वेट यांच्या संपादनाखाली त्याचे इंग्रजी भाषांतर दोन खंडांत १८९३ साली लंडनमध्ये निघाले. वेट १९४२ साली वारले, त्यामुळे आपल्या कायद्यातील स्वामित्वहक्काची (कॉपीराइटची) साठ वर्षांची मुदत २००२ अखेर संपली आहे. मालकांनी हे आधी विचारून घेतले, ते मला आवडले.

दोन्ही खंडांची मिळून सुमारे ३४० पाने पाठपोट छापावी लागली. पानाला दीड रुपया याप्रमाणे ५१० आणि बांधणी खंडाला १८० याप्रमाणे ३६०, असे एकूण ८७० रुपये झाले. बांधणी जुजबंदीची, म्हणजे पानांचे जुज (छोटे गठ्ठे) करून दोऱ्याने शिवलेली आहे. पाठीला खादीचे कापड आहे, त्यामुळे पुस्तक टेबलावर सपाट उघडे राहते आणि दोन्ही हात टिपणे काढायला मोकळे मिळतात. खळ ते स्वतः शिजवतात. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत ठेवतात आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद टाकतात, म्हणजे झुरळे आणि कसर पुस्तकाला लागत नाही. जन्मभर वर्गात ज्या मोरचुदावर मी लोखंडाचे तांबे करून दाखवले, तेच किमयेच्या ग्रंथाच्या पाठीत भरले जाताना पाहून मला जो आनंद झाला तो या परीक्षणाच्या कक्षेबाहेरचा आहे, तरी नमूद करतो.

उणिवा आहेत. दुसऱ्या खंडातील आठदहा पानांवर शाई फिकी उतरली आहे. एक जुज उलटा शिवला गेला होता, तो त्यांनी उसवून पुन्हा शिवून दिला, पैसे न घेता. कटिंग करताना वरचा समास फार घेतला जातो, त्यामुळे पृष्ठांक वाचवायचे असतील तर आधीच सांगून ठेवावे. शाळा-कॉलेजांच्या प्रवेशाच्या दिवसांत आणि परीक्षेच्या तोंडावर तेथे काम देऊ नये. तीन दिवसांचे काम तीन आठवड्यांवर जाते, आणि वीज गेली की तेही नाही.

या खंडांमुळे नॉर्टनची एक गंमत हाती लागली. त्याची इंग्रजी कविता प्रथम छापली गेली ती इंग्रजीत नव्हे. मिखाएल मायर या जर्मन वैद्याने ती लॅटिनमध्ये आणून १६१८ साली फ्रँकफर्टला छापली; या कवितेसाठी इंग्रजी शिकावी म्हणून मायर इंग्लंडात येऊन राहिला आणि आमच्या लोकांनी त्याची नीट संभावना केली नाही, अशी हळहळ अ‍ॅशमोलने आपल्या प्रस्तावनेत व्यक्त केली आहे. मायरची लॅटिन पुढे १६७८ च्या संग्रहात शिरली आणि वेट यांच्या ग्रंथात ती लॅटिनवरून पुन्हा इंग्रजी गद्यात आली. म्हणजे माझ्या टेबलावर आता एकाच कवितेची दोन इंग्रजी रूपे आहेत: एक कवीचे स्वतःचे, आणि दुसरे जर्मनीला जाऊन लॅटिन होऊन परत आलेले. सासरी गेलेली लेक वीस वर्षांनी माहेरी यावी आणि तिची बोली बदललेली असावी, तसे ते वाचताना वाटते. चाल तीच, पण मूळ पद्यातला खट्याळपणा दुसऱ्या रूपात उरलेला नाही.

तिसरे काम लहान होते. फ्रान्समधील ला रोशेल येथे १६७७ साली ‘म्यूटस लिबर’, म्हणजे मुके पुस्तक, निघाले. त्यात पंधरा चित्रफलक आहेत आणि मजकूर जवळजवळ नाहीच. जिनिव्हाच्या मांजे याने १७०२ साली दोन जाडजूड खंडांत किमयेचा शेवटचा मोठा संग्रह काढला तेव्हा ही चित्रे त्यानेही घेतली. शाळांचे नकाशे काढण्यासाठी दुकानात मोठ्या कागदाचे यंत्र आहे, त्यावर ही चित्रे फलकाला दहा रुपये दराने काढून घेतली. रेषा स्पष्ट आहेत. भट्टीच्या विटा मोजता येतात. चित्रे पाहून बाइंडर म्हणाले, “सर, यात तं काई लिवेलच नाई, नुसते चित्रंच हायेत. हे वाचता कसे?” मी त्यांना चौथे चित्र दाखवले. त्यात माळावर खुंट्यांना कापडे ताणून दव धरले आहे, मागे मेंढा आणि बैल आहेत, म्हणजे मेष आणि वृषभ, वसंताचे दिवस. आणि पुढे नवरा-बायको दोघे मिळून ओले कापड पिळून परातीत पाणी काढत आहेत. त्यांनी क्षणभर पाहिले आणि म्हणाले, “हे तं आंब काढून राह्यले.” हरभऱ्यावर रात्री पांढरे धोतर पसरून पहाटे पिळून आंब काढणे आमच्याकडे कोणालाही ठाऊक आहे, पोटदुखीवर ती आजही घरोघरी जपून ठेवतात. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच चित्रातील क्रिया त्यांना विनाभाषांतर वाचता आली. दव कशासाठी हवे होते, हे मात्र चित्र सांगत नाही, आणि जाणकारांतही त्यावर एकमत नाही.

ज्यांना असे ग्रंथ मागवायचे असतील त्यांना एवढेच सांगेन की, ऑनलाइन पुनर्मुद्रण घेण्यापूर्वी त्याच आवृत्तीची खुली प्रत इंटरनेटवर उघडून पृष्ठांक सलग आहेत की नाही हे पाहून घ्यावे आणि विक्रेत्याला साल व मुद्रकाचे नाव विचारावे. ते सांगता आले नाही तर पैसे घालवू नयेत. संगणकावर वाचणे जमत असेल तर तेही वाईट नाही, परंतु गावातील वीज आणि माझे डोळे या दोहोंचा विचार करता मला कागदच बरा. जुने इंग्रजी वाचताना लांब ‘एस’ हे अक्षर ‘एफ’सारखे दिसते, त्याची सवय व्हायला आठवडा लागतो, आणि तेवढा वेळ अ‍ॅशमोलच्या शेवटच्या शब्दकोशात खूण घालून ठेवावी.

अ‍ॅशमोलची प्रत मी शेवटी परत केली नाही. दुसऱ्या एका ग्रंथालयाच्या खुल्या प्रतीतून टॉन्साइलचे पान काढून घेतले, दुकानात ते दोन रुपयांत पाठपोट छापून मिळाले, आणि बाइंडरांनी त्याच्या कडेला बोटाने खळीची बारीक रेघ ओढून ते जागच्या जागी बसवले. कागद थोडा अधिक पांढरा आहे आणि कड अर्धा दोरा बाहेर येते. दाब देण्यासाठी पुस्तक रात्रभर शिकंज्यात ठेवावे लागले, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एस. टी.ने जाऊन ते आणले.